वाढणारीचं जठर

मी एक जुनं जठर आहे, मित्रांनो. वय बावन्न वर्षं, आणि गेल्या दिवाळीपासून अंगावर सहा टाके. तुम्ही लोक मला सरसकट पोट म्हणता. म्हणा बापडे. पण पोटात यकृत असतं, आतडी असतात, आणखी बरीच मंडळी असतात, आणि माझं काम त्यांच्यापैकी कुणालाच जमत नाही. मी आम्ल तयार करतो. लिंबाबिंबाचं नव्हे. लोखंडाचा खिळा बुडवून ठेवला तर हळूहळू झिजून जाईल, असलं आम्ल. त्याच्याशिवाय तुमची भाकर पचायची नाही, आणि ते आवरलं नाही तर तुमचा जीव राहायचा नाही. त्या आवरण्याचीच ही गोष्ट आहे. ती गमतीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी राहीबाईचा. राहीबाई म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरकडच्या एका लहान गावच्या मराठी शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधणारी बाई. ती तिच्या आईच्या पोटात होती तेव्हाच मी घडलो. लहानपणी माझे दिवस मजेत गेले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, सणाला पुरण. भूक लागली की ती खायची आणि मी कामाला लागायचो.

माझं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. मला नाक नाही, डोळे नाहीत. पण राहीबाईच्या मेंदूपासून एक लांब नस गळ्यातून, छातीतून उतरत माझ्यापर्यंत येते. फोडणीचा वास तिच्या नाकात गेला की ती नस मला बजावते, 'जेवण येतंय, तयारीला लाग.' मी लगेच आम्ल सोडायला लागतो. मग पहिला घास उतरतो, मी ताणला जातो, आणि माझ्या खालच्या टोकाशी बसलेल्या काही पेशी गॅस्ट्रिन नावाचं रसायन रक्तात सोडतात. ते रक्तातून फिरून माझ्याकडेच येतं आणि म्हणतं, आणखी सोड. आम्लाचा जोर अन्नावर खर्च होतो. अन्न सरत आलं आणि आंबटपणा फार वाढला की दुसऱ्या काही पेशी गॅस्ट्रिनला गप्प बसवतात. शिवाय थोडंसं अन्न पुढे लहान आतड्यात गेलं की तेही वर निरोप धाडतं की बाबा, पुरे कर, एवढं आंबट आम्हाला सोसत नाही. म्हणजे सोडायचे हुकूम आहेत तसे थांबायचेही आहेत. बावन्न वर्षांत मी एकही हुकूम मोडलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो, जरी छाती माझ्याकडे नसली तरी.

तुम्ही विचाराल, खिळा झिजवणारं आम्ल तुलाच कसं जाळत नाही? चांगला प्रश्न आहे. माझ्या आतल्या अंगाला एक चिकट लेप असतो, सारवलेल्या भिंतीसारखा. तो रोज झिजतो आणि रोज नवा चढतो. शरीरात एक रसायन सतत बनत असतं, तेच या सारवणाऱ्या पेशींना कामावर लावतं. ते रसायन बनायचं थांबलं की लेप पातळ होतो. राहीबाईवर जे ओढवलं ते इथूनच ओढवलं.

बारा वर्षांपूर्वी तिला शाळेतलं रांधण्याचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक यशवंतराव सर तिला म्हणाले, "राहीबाई, मुलं बसायच्या आधी तुम्ही दोन घास खाऊन घ्या."

"नाई जी सर," ती म्हणाली. "वाढनारीनं पंगतीच्या आदी खाल्लं तं पातेल्यातली बरकत जाते. माही सासू सांगे. लेकरं उठू द्या, मंग खाईन मी."

सर हसले आणि गेले. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही, आणि नंतर तर कधीच आलं नाही.

तिचा दिवस असा असे. सकाळी सहाला घरी कपभर चहा. साडेसातला शाळेत. आधी मुलांसाठी रागीची जावा, म्हणजे नाचणीची पेज, मग भात, सांबार, भाजी, ठरलेल्या दिवशी अंडी. साडेनऊला फोडणी पडली की नस मला हुकूम द्यायची आणि मी आज्ञाधारकपणे आम्ल सोडायचो. घास यायचा नाही. ती चाखतसुद्धा नसे. उष्टं लेकरांना कसं घालायचं म्हणून मीठ ती वाफेच्या वासावरून ओळखायची, आणि चाखायचं काम सरांकडे असे. मी आम्ल धरून बसायचो, थांबायचा हुकूम यायचा, थांबायचो. तेवढ्यात लसणाचा वास. पुन्हा हुकूम. पुन्हा रिकामी वाट. साडेबाराला घंटा, एकदीडला पंगत उठायची, भांडी आवरून दोनला तिचा पहिला घास. तोही असला तर. कापसाच्या वेचणीत निम्मी मुलं शेतात असत. तांदूळ आदल्या दिवशीच्या हजेरीवरून काढला जाई, आणि अचानक मुलं वाढली की कमी पडे. अशा दिवशी राहीबाई पातेल्याच्या बुडाची खरवड पाण्यासोबत खायची आणि घरी जायची.

ती बाई नुसती कष्टाळू नव्हती, मित्रांनो, ती त्या कामावर जीव टाकत होती. कोणत्या मुलाला वांगं चालत नाही, कोण घरून उपाशी आलंय, हे तिला तोंडाकडे बघूनच कळायचं. तपासणीला आलेले साहेब सांबार जेवून वहीत 'उत्तम' लिहून गेले, तेव्हा तिने ते पान नवऱ्याला, बाबारावांना, शाळेत बोलावून आणून दाखवलं. दोघांनाही वाचता येत नव्हतं. मुलं तिला आजी म्हणत आणि गाव शाळेची माय म्हणे. हे नाव तिला फार प्रिय होतं. मला कुणी नाव दिलं नाही. माझी आठवण यायची ती फक्त जळजळ झाली की. मग ती चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घालून प्यायची, मोठी ढेकर द्यायची आणि विसरायची.

तरी खरं ते सांगतो. नुसत्या त्या वासांनी आणि उशिरा जेवण्याने मला भोक पडलं नसतं. माझे थांबायचे हुकूम चालू होते, माझा लेप शाबूत होता. मी कुरकुर करत का होईना, निभावून नेलं असतं.

पण तिचे गुडघे धरले. दिवसातून शंभरदा उठबस, जड पातेली, ओली जमीन. पाच वर्षांपूर्वी ती गावातल्या व्यंकटेशकडे गेली. तो काही शिकलेला डॉक्टर नव्हे. सुई टोचतो, गोळ्या देतो आणि गाव त्याला डॉक्टर म्हणतं. त्याने दुखण्याच्या पिवळ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "खाने के बाद लेना अम्मा. खाली पेट बिल्कुल नहीं." त्याने सांगायचं ते सांगितलं होतं. पण राहीबाईचं जेवण दोनला आणि गुडघे लागत सकाळी सातला. ती चहासोबत गोळी घ्यायला लागली.

एकदा बाबारावांनी हटकलं, "अवं, उपाशी पोटी काऊन खाऊन राह्यली ते?"

"च्या पेली ना आता," ती म्हणाली. "मंग उपाशी कायची?"

तिच्या हिशेबी चहा पोटात गेला की उपास मोडतो. तिच्या गावात सगळ्यांच्याच हिशेबी. पण माझ्या हिशेबी कपभर चहा म्हणजे अन्न नव्हे. तो उलट आम्ल वाढवतो आणि घटकाभरात पुढे निघून जातो.

त्या गोळीने गुडघ्यांची कळ थांबायची, कारण कळ उठवणारं रसायन ती बनूच देत नाही. दुर्दैव असं की गुडघ्यात कळ उठवणारं आणि माझ्या सारवणाऱ्यांना कामावर लावणारं रसायन एकाच कुळातलं. गोळीला त्यातला फरक कळत नाही. माझे सारवणारे हात बांधून बसले. लेप पातळ होत गेला. आणि साडेनऊला फोडणी पडली की नस हुकूम द्यायची, आणि मी, शिस्तीचा गुलाम, आम्ल सोडायचो. उघड्या अंगावर, स्वतःच्याच.

ज्या दिवशी पहिला चट्टा सोलला गेला त्या दिवशी मी ओरडलो. जळजळ झाली, पण फार नाही. कारण गोळी गुडघ्याचं दुखणं दाबत होती तसं माझंही दाबत होती. मी बोंब मारत होतो आणि तिला कुजबुज ऐकू जात होती. तिने सोडा प्यायला. मला त्या बाईचा एवढा राग कधी आला नव्हता, आणि एवढी दयाही कधी आली नव्हती.

जखमेतून रक्त झिरपायला लागलं. थोडं थोडं, पण रोज. राहीबाई फिकी पडली, चढावर धाप लागू लागली. आरोग्य खात्याची आशाताई नीलिमा घरोघर फिरताना तिच्याकडे आली आणि तिने राहीबाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"मावशी, रक्त लय कमी दिसून राह्यलं. मोठ्या दवाखान्यात चला एकडाव."

"अन् लेकराईले कोन रांधन? सुवर्णा एकटी हाय." सुवर्णा म्हणजे सहा वर्षांपासून तिच्या हाताखाली असलेली बाई, तिशीतली, तिच्या शब्दाबाहेर नसलेली.

"मंग या लोहाच्या गोळ्या तरी घ्या. शौचाले काळं होईन हं, त्याले भेऊ नका. गोळीनं होते तसं."

नीलिमाने खरंच सांगितलं होतं. लोहाच्या गोळीने तसं होतंच. पण माझं झिरपलेलं रक्तसुद्धा आतड्यातून जाताना काळं पडतं, डांबरासारखं काळं आणि चिकट. मला बोलता येत नव्हतं म्हणून मी शेवटचा निरोप त्या वाटेने धाडला होता. राहीबाईने तो रोज पाहिला आणि म्हणाली, गोळी लागू पडली. दोन महिने. निरोप धाडणाऱ्याने आणखी काय करायचं, तुम्हीच सांगा.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी, अंड्यांच्या दिवशी, ती तिसऱ्या ओळीत वाढत होती. हातातली वाटी एकदम जड झाली. ती भिंतीला टेकली, आणि मग तिला उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळी, आणि मागून लाल. ताटं पुढ्यात घेऊन बसलेली मुलं बघत राहिली. एक मुलगी रडायला लागली तेव्हा राहीबाई म्हणाली, "काई नाई बाई, जेवा. थंडं होऊन राह्यलं." आणि खाली कोसळली.

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत रुग्णवाहिकेतला प्रवास मला नीट आठवत नाही. माझ्यातली एक रक्तवाहिनी उघडी पडली होती आणि मी माझ्या मालकिणीच्या रक्ताने भरत चाललो होतो. नळी घालून पाहिलं, रक्त थांबेना. मग पोट फाडलं आणि बावन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला. सहा टाके पडले. तीन पिशव्या रक्त चढलं. ती वाचली, पण आता घागर उचलायची नाही आणि चुलीपुढे उकिडवं बसायचं नाही, असं बजावून तिला घरी सोडायचं ठरलं.

जाण्याआधी डॉक्टर जान्हवी तिच्या खाटेवर येऊन बसल्या. "ज्या जंतूमुळे पुष्कळांना असा व्रण होतो, तो तुमच्या तपासणीत सापडला नाही. दुखण्याची गोळी उपाशी पोटी किती वर्षं घेतलीत?"

"उपाशी नाई जी. च्यासंग."

डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं, मी तुम्हाला सांगितलं तसंच. हुकूम, लेप, गोळी, काळा रंग. राहीबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हनजे मी लेकराईच्या आदी चार घास खाल्ले असते, अन् गोळी त्याच्यावर घेतली असती, तं एवढं झालं नसतं?"

"बहुतेक नसतं झालं."

तिने तोंडावर पदर घेतला. ती रडली, आणि मी टाक्यांसकट हललो.

संक्रांतीनंतर ती पहिल्यांदा शाळेत गेली. काम सुवर्णाकडे गेलं होतं. चुलीवर सांबार उकळत होतं, नस मला हुकूम देत होती. सुवर्णा तिला बघून धावत आली, पाया पडली.

"जेवली का बाई?" राहीबाईने विचारलं.

"पंगत उठू द्या ना मावशी. तुमीच तं शिकवलं."

राहीबाईचा चेहरा उतरला. तिने ताट घेतलं, भात वाढला, सांबार घातलं आणि सुवर्णापुढे धरलं. "चुकीचं शिकवलं मी. खाय."

"नाई मावशी. तुमी खा. तुमी आता वाढत नाई ना, तुमाले चालते."

हे सुवर्णा मायेने बोलली, पण ते शब्द सुरीपेक्षा खोल गेले. बारा वर्षं ज्या नावावर ती जगली ते नाव संपल्याचं तिला तेव्हा कळलं. ती तशीच उठली, सरांना विचारून आली, आणि घंटा झाल्यावर सगळ्या मुलांसमोर दारात उभी राहून चार घास जेवली. मग तिने एक घास सुवर्णाच्या तोंडाशी नेला. "माह्या जीवाची आन हाय तुले." सुवर्णाने डोळे मिटून तो घास घेतला. मित्रांनो, राहीबाईच्या आयुष्यातलं ते सगळ्यात धीराचं काम होतं. मला तिचा अभिमान वाटला.

मग दोघी वाढायला लागल्या. आणि शेवटच्या ओळीत भात संपला.

कारण साधं होतं. आदल्या दिवशी मुलं वेचणीला गेली होती, हजेरी सत्तर लागली, तांदूळ सत्तरांचा निघाला. त्या दिवशी वेचणी आटोपली आणि बसली एकोणऐंशी मुलं. नऊ ताटं रिकामी. एका घासाने नऊ ताटं रिकामी होत नसतात, हे कुणीही सांगेल. सरांनी सांगितलं. राहीबाईने सांगितलं, हात जोडून सांगितलं. पण सुवर्णा त्या नऊ मुलांकडे बघत होती. तिने घरून भाकरी मागवल्या, स्वतःच्या वाटणीच्यासुद्धा त्यात घातल्या, आणि मुलं उठल्यावर राहीबाईजवळ येऊन हळूच म्हणाली, "पाह्यलं ना मावशी?" त्या दिवशी ती जेवलीच नाही. त्यानंतर तिने पंगतीच्या आधी तोंडात पाण्याशिवाय काही घातलेलं नाही. हल्ली तिची कंबर दुखते, आणि ती सकाळी व्यंकटेशच्या दारात दिसते.

राहीबाई आता घरी असते. दहाला जेवते, वेळेवर, एकटी. माझं बरं चाललं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. शाळेची माय म्हणून तिला आता कुणी हाक मारत नाही. सुवर्णाला मारतात.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. मोठ्यांना सांगून झालं. सर बोलले, डॉक्टर बोलल्या, राहीबाईने शपथ घातली, काही उपयोग झाला नाही. पण तुम्ही शाळेतली मुलं त्या ओळीत बसता. ताट पुढे आलं की लगेच हात घालू नका. वाढणाऱ्या बाईला विचारा, "तुमी जेवल्या का?" नाही म्हणाली तर सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून बसा. लेकरांचं अन्न थंड होतंय हे त्या बायांना बघवत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. ती खाईल.

सुवर्णाचं जठर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. आत्ता फोडणीचा वास तिच्या नाकात गेला असेल, आणि तेही माझ्यासारखंच शिस्तीने आम्ल सोडत असेल. मला त्याला ओरडून सावध करता येत नाही. तुम्हाला तोंड आहे.